गोधडीचे टाके कधी मोजलेत?

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर काढली की माळ्यावरून एक गाठोडं हमखास खाली येतं. तुमच्याही घरी येत असेल. सोडून पाहावं तर आत जुन्या साड्या. एखादी आईची, एखादी सासूबाईंची, एखादी आपल्याच डोहाळजेवणाची. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत! मग एक तर ते गाठोडं पुन्हा बांधून वर जातं, नाही तर दारावर आलेल्या बोहारणीपुढे ठेवून चार साड्यांना एक स्टीलचा डबा आपण पदरात पाडून घेतो.

या साड्यांना तिसरी वाट आहे आणि ती आपल्या आजीला ठाऊक होती. ती म्हणजे गोधडी. गेल्या थंडीत आमच्या नेरूळच्या महिला मंडळाने अलिबागजवळ किहीमच्या समुद्रकाठी गोधडी शिवण्याची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. आम्ही चौदाजणी गेलो. तिथे जे हाताने शिकले ते इथे सविस्तर सांगणारच आहे. पण त्याबरोबर एक हिशेबही मांडणार आहे. तो वाचल्यावर घरातल्या गोधडीकडे आणि ती शिवून देणाऱ्या बाईकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल, अशी माझी खात्री आहे.

लुगड्याचे जन्म

पूर्वी एका लुगड्याला किती जन्म असत ते पाहा. नवं लुगडं आधी सणावारी. मग रोजच्या नेसण्यात. बसून उठून मधला भाग विरला की तेवढा काढून टाकायचा, दोन्हीकडचे धड भाग जोडायचे आणि पुन्हा नेसायचं. याला म्हणत ‘दंड घालणं’. दंडाचं लुगडंही फाटलं की त्याचं धडपं होई. धडप्यातून बाळाची दुपटी आणि लंगोट निघत. उरलेलं गोधडीत जाई. आणि गोधडीचाही भुगा झाला की शेवटी पोतेरं! कापडाचा एवढासा तुकडाही फुकट जात नसे. यात हौस कमी आणि गरज जास्त होती, हे विसरायला नको. कापड महाग होतं आणि घरात माणसं भरपूर.

सातारा-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात शेतीची कामं थांबली की अंगणात, ओसरीवर वाकळ पसरायची आणि शेजारणी-पाजारणींनी चारी बाजूंनी बसून टाके घालायचे. एकीची झाली की दुसरीची. पावसाळ्याच्या आत घरातली पांघरुणं तयार! पुढे नवरात्रात घट बसायच्या आत घरातल्या साऱ्या वाकळा नदीवर नेऊन धुवायच्या. कित्येक गावांत आजही धुतात.

मग नायलॉन आलं, टेरिलीन आलं, पॉलिएस्टर आलं. या साड्या विरत नाहीत आणि विरल्या तरी अंगाला मऊ लागत नाहीत. घाम टिपत नाहीत. सुतीच साडी नाही तर गोधडी कशाची शिवणार? त्यातून बाजारात गुबगुबीत रजया आणि ब्लँकेटं स्वस्त झाली. गोधडी मागे पडली ती अशी. आता तीच गोधडी ‘क्विल्ट’ असं नाव घेऊन मोठ्या दुकानांत काचेआड बसली आहे आणि आपण तिची किंमत वाचून भुवया उंचावतो आहोत.

किहीमची सुगरण

नेरूळहून पहाटे बस निघाली. पनवेल, पेण, वडखळ करत कार्लेखिंडीतून उजवीकडे वळलो आणि चोंढीवरून किहीमला उतरलो. समोर समुद्र, त्यात खांदेरी-उंदेरीची बेटं आणि किनाऱ्याला सुरूची झाडं. उतरण्याचं ठिकाण साधंच, पण त्याला ऐसपैस ओसरी होती. गोधडीला टेबल-खुर्ची चालत नाही, जमीन लागते. शहरातल्या आपल्या दोन खोल्यांत पलंग, सोफा आणि कपाट मांडून झालं की गोधडी पसरायला जागा कुठे उरते? त्यासाठी आम्ही समुद्र गाठला असं म्हणायला हरकत नाही.

किहीम हे नाव पक्षी पाहणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात इथेच राहून सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. त्यांना जे दिसलं ते ऐकण्यासारखं आहे. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की मादी येते, आत-बाहेर पाहते, पसंत पडलं तरच मुक्काम करते. मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो! म्हणजे विणकाम त्याचं आणि ‘सुगरण’ म्हणून नाव मात्र बाईचं. आमच्यात यावर बराच वेळ हसणं झालं. एकजण म्हणाली, “आपल्याकडे नेमकं उलट. काम बाईचं आणि नाव कुणाचंच नाही!” हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं.

शिकवायला मावशी

शिकवायला कोणी पदवीधर बाई येतील अशी आमची कल्पना होती. आल्या त्या कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या एक साठीच्या मावशी. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याच्या पाटण भागातलं. यजमानांनी वाशीच्या कांदा-बटाट्याच्या घाऊक बाजारात पोती वाहण्यात उमर काढली. नवी मुंबईत अशी कुटुंबं पुष्कळ आहेत. सातारच्या डोंगरातून माणसं माथाडीच्या कामाला आली आणि त्यांच्या बायकांबरोबर वाकळ शिवायची विद्याही आली. ती आपल्या शेजारी दोन स्टेशनांवर राहते आहे आणि ती शिकायला आपण समुद्रापर्यंत जातो!

मावशींनी पहिल्यांदा आमच्या पिशव्या उघडायला लावल्या. साडी बोटांत चोळायची, उजेडावर धरायची आणि दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणायची. टरकली तर आतल्या पदराला, टिकली तर वरच्या. नायलॉनच्या साड्या त्यांनी सरळ बाजूला केल्या. “ही घसरती बाई. आन इस्तवाजवळ गेली तर वितळून अंगाला चिकटंल. नगं ती.” जरीचे काठ उसवून ठेवायला सांगितले, कारण जर अंगाला टोचते आणि सुईलाही आडवी येते.

घडीचं गणित

आता खरी गंमत ऐका. मी एका शाळेत अर्धवेळ गणित शिकवते, त्यामुळे मला ती जास्तच भावली असेल.

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, म्हणजेच २७ फूट. त्याची लांबीत चौपदरी घडी घाला. किती झाली? पावणेसात फूट! आणि लुगड्याचा पन्हा पावणेचार ते चार फूट. म्हणजे एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल एवढं चौपदरी पांघरूण, कात्री न लावता तयार. सहावारी साडी घेतलीत तर १८ फुटांची तिपदरी घडी, सहा फूट लांब. जणू लुगडं विणतानाच कोणी त्याच्या पुढच्या जन्माचं माप घेऊन ठेवलं होतं.

आमच्यातल्या एकीला या घडीने मोठाच आधार दिला. तिच्या पिशवीत आईचं एकच लुगडं होतं, हिरवं, बारीक चौकड्यांचं. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेली. शेवटचं दर्शनही झालं नव्हतं. चार वर्षं ते लुगडं कपाटात होतं. ती आली होती खरी, पण कापायची वेळ येताच कात्री खाली ठेवून गप्प बसली. मावशींनी काही विचारलं नाही. लुगडं उचललं, झटकलं, ओसरीवर पसरलं आणि एकीला पलीकडचं टोक धरायला लावून चौपदरी घडी घातली. “कापायचं कशापायी? आईला कुणी कापतं व्हय? अशीच आत ठेव. वरनं-खालनं दुसरी साडी लाव.” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या गोधडीच्या कडेच्या तीन ओळी झाल्या होत्या. उरलेली ती घरी शिवणार आहे.

काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे वापरत नाहीत, हे मला माहीत आहे. तो ज्याच्या त्याच्या रीतीचा प्रश्न. पण ज्यांना चालतं आणि कापवत मात्र नाही, त्यांनी ही घडी लक्षात ठेवावी.

असे घाला टाके

तुम्हाला घरी करता यावं म्हणून कृती क्रमाने देते.

साहित्य: तीन किंवा चार सुती साड्या, मोठ्या नाकाची लांब सुई, जाड सुती दोऱ्याची तीन-चार रिळं, मेणबत्तीचा तुकडा, शिंप्याची टोपी, कात्री आणि टाचण्या.

१. साड्या आधी धुऊन घ्या. खळ पूर्ण निघाली पाहिजे. गडद रंगाच्या साडीवर ओलं पांढरं फडकं चोळून पाहा. रंग लागला तर ती पुन्हा पुन्हा धुवा, नाही तर आत लावू नका. पुढे फिकट कापडावर डाग पडतात. उन्हात वाळवून इस्त्री करा.

२. जमिनीवर चटई घाला. त्यावर खालचं कापड, म्हणजे अस्तर, उलट बाजू वर करून पसरा. त्यावर घडी घातलेली साडी. विरलेल्या साड्यांचे तुकडेही आत चालतात, पण ते एकसारख्या जाडीत लावा. त्यावर वरचं कापड. वरचं आणि खालचं कापड चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठं ठेवा.

३. आता सर्वांत महत्त्वाचं काम, म्हणजे कच्चे टाके. मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा. आधी अधिक चिन्हासारखे, मग कोपऱ्यांकडे तिरके. वीतभर अंतरावर लांबलांब टाके पुरेत. याचा कंटाळा केला तर पदर सरकतात आणि गोधडीला पोटात गाठी येतात.

४. कडा आत दुमडून टाचण्या लावा आणि कडेने धावदोरा घाला. दोरा एका हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नका, गुंता होतो. ओवण्याआधी तो मेणावरून ओढा. गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवा.

५. कडेची ओळ झाली की एक बोट अंतर सोडून आतून दुसरी ओळ. चौकोनात चौकोन, असं मध्यापर्यंत जायचं. दर फेरीला तळहाताने कापड आतल्या बाजूला सारखं करत जा. सुईत एका वेळी तीन-चार टाके भरून मगच ओढा. दोरा आवळू नका. आवळला की कापड चुण्या धरतं आणि धुतल्यावर तुटतो.

६. शेवटी कच्चे टाके उसवा.

वरच्या कापडावर रंगीत तुकडे लावायचे असतील तर ते आधी कडा दुमडून जोडून घ्या. पण पहिल्या गोधडीला तो मोह टाळावा, असं मला वाटतं. एकाच साडीवर पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी किती सुरेख दिसतात, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

टाक्यांचा हिशेब

पहिल्या दिवशी संध्याकाळी वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती. मडकं शिजेपर्यंत गप्पा निघाल्या. मावशी वसाहतीत राहून घरोघरच्या गोधड्या शिवून देतात. कोणी मजुरी कशी ठरवतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “म्या हजार म्हनलं की त्या सातशे म्हनत्यात. साड्या आमच्याच हैत की, तुझं काय गेलं, दोराच ना?”

“तुझं काय गेलं?” याचं उत्तर काढायचं असं मी ठरवलं. कागद-पेन्सिल घेतली. तुम्हीही घ्या.

गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद धरू. म्हणजे ७२ इंच गुणिले ४८ इंच. ओळींत एक बोट, म्हणजे पाऊण इंच अंतर. तेव्हा रुंदीत ६४ ओळी बसतात. प्रत्येक ओळ ७२ इंचांची, म्हणजे एकूण ४,६०८ इंच, किंवा ३८४ फूट. मीटरमध्ये ११७. ओळी चौकोनात घातल्या तरी एकूण लांबी जवळपास तेवढीच भरते. आता इंचाला तीन टाके. किती झाले? १३,८२४ टाके!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ लावून मावशींच्या शेजारी बसले. सुई ओवणं, गाठ मारणं, कापड सारखं करणं, सगळं धरून मिनिटाला बारा टाके पडत होते. आमचे निम्मेही पडत नव्हते ते सोडा. मिनिटाला बाराने १३,८२४ टाक्यांना लागतात १,१५२ मिनिटं, म्हणजे १९ तास आणि वर १२ मिनिटं. यात साड्या धुणं, कापड पसरणं, कच्चे टाके घालणं आणि उसवणं धरलेलंच नाही. ओळी अर्ध्या इंचावर आणि टाके इंचाला चार घातले, तर हाच आकडा २७,६४८ होतो आणि वेळ बरोबर दुप्पट.

हा हिशेब मी मावशींना वाचून दाखवला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “येवढं व्हतं व्हय? आमी कवा मोजलंच न्हाई.”

मैत्रिणींनो, खरी गोष्ट ही आहे. गोधडी घरात शिवली जात होती तेव्हा ती दुपारच्या ‘रिकाम्या’ वेळात होत असे. रिकाम्या वेळाला मोल नसतं, असं सगळ्यांनी धरलं होतं. शिवणाऱ्या बाईनेही धरलं होतं. तेच काम दारावर मजुरीने आलं तेव्हा ते फुकटपण त्याला चिकटूनच आलं. मी रागाने हे लिहीत नाही. घासाघीस करणं हा आपल्या संसाराचा एक भाग आहे, भाजीवाल्याशी करतो तशी इथेही करतो. पण पुढच्या वेळी एक करून पाहा. तुमच्या घरी धुणं-भांडी करायला येणाऱ्या बाईंना तासाला जे पडतं, त्याला वीसने गुणा. जो आकडा येईल तो गोधडीच्या मजुरीशी ताडून पाहा. बाकी काही सांगायला नको.

दूरच्या बहिणी

गोधडी काही एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानकडची रल्ली, या साऱ्या तिच्या बहिणी. आपल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत एक सचित्र पुस्तकच लिहिलं आहे.

सिद्दी म्हटलं की आपल्याला किहीमच्या दक्षिणेचा जंजिरा आठवतो. पण कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड भागातही सिद्दी राहतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यातले पुष्कळ गोव्याच्या पोर्तुगीजांकडे गुलाम म्हणून. त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. जुन्या कपड्यांचे रंगीबेरंगी तुकडे कडेपासून मध्याकडे लावत जातात आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची घडीची फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी दिसते, असं त्या मानतात. किती छान कल्पना आहे!

याहून दूरची एक हकिकत सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या नाती-पणत्या तिथे राहतात. शेतातल्या कामाचे फाटके कपडे जोडून त्यांनी थंडीसाठी पांघरुणं शिवली. आपल्यासारखीच गरज, आपल्यासारखंच काम. त्या भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये सहकारी संस्था काढून गोधड्या विकायला सुरुवात केली. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ही पांघरुणं चित्रांसारखी भिंतीवर लागली, आणि प्रत्येकीखाली शिवणाऱ्या बाईचं नाव होतं. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. पण कौतुक झालं म्हणून मोबदल्याचा प्रश्न सुटला असं नाही. २००७ मध्ये काही बायकांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. म्हणजे तिकडेही टाके मोजायची वेळ आलीच.

गोधडी टिकवायची कशी?

नवी मुंबईची हवा दमट. पावसाळ्यात गोधडीला कुबट वास येतो, म्हणून पावसाआधी आणि नंतर कडक ऊन दाखवा. धुताना टबात साध्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पायाने तुडवा. पिळू नका. भिजलेली गोधडी फार जड होते आणि पिळताना टाके तुटतात. पाणी निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, म्हणजे मधे झोळ पडत नाही. आतून पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि दर वेळी घडी वेगळ्या ठिकाणी मोडा. एकाच घडीवर कापड विरतं. एखादा टाका तुटला तर त्याच दिवशी घाला. गोधडीला ठिगळाची लाज नसते, ती ठिगळांचीच असते.

तुम्ही काय करू शकाल?

किहीमला जायलाच हवं असं मुळीच नाही. तुमच्या सोसायटीचा हॉल दुपारी रिकामाच असतो. चार-पाचजणी जमा. आठवड्यातून दोन दुपारी दोन-दोन तास बसलात तर एक गोधडी दीड-दोन महिन्यांत सहज होते, कारण एका वेळी चारी बाजूंनी टाके पडतात. पहिली लहान करा, एखाद्या बाळासाठी, तीन फूट बाय तीन फूट. आणि शिकवायला जवळपासच्या वसाहतीतल्या एखाद्या मावशींना बोलवा. त्यांना शिकवण्याची फी द्या. साडी-चोळी द्यायची असेल तर ती वेगळी. आमच्या मंडळाने आता महिन्यातून एक शनिवार असा ठरवला आहे आणि मावशींचं मानधन वर्गणीतून आधी काढून ठेवलं आहे.

शिवता येत नसेल, वेळ नसेल, तर शिवून घ्या. त्यात कमीपणा नाही. पण मजुरी ठरवताना वर मांडलेला हिशेब आठवा.

आणि एक शेवटचं. गोधडी पुरी झाली की अस्तराच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने शिवणारीचं नाव आणि साल घाला. चौघींनी शिवली असेल तर चौघींची नावं. मजुरीने शिवून घेतली असेल तर त्या बाईंचं नाव त्यांना विचारून घाला. आमच्या मावशींनी गेल्या चाळीस वर्षांत किती वाकळा शिवल्या, त्यांना आठवत नाही. त्यांतल्या एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. कार्यशाळेत शिवायला घेतलेल्या मंडळाच्या गोधडीवर आम्ही ते निळ्या दोऱ्याने घातलं. मावशींना वाचता येत नाही. आपलं नाव कुठलं, ते त्यांनी आम्हाला विचारलं आणि त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं.